फिरत्या घराची तापलेली खोली

दोस्तांनो, चाकांवरचं घर पाहिलंय का कधी? बाहेरून मिनीबससारखं दिसतं, पण आत पलंग, ओटा, फ्रीज, अगदी न्हाणीघरसुद्धा असतं. त्याला मोटरहोम म्हणतात, कुणी कॅराव्हॅन म्हणतं. सिनेमातल्या नटनट्यांची व्हॅनिटी व्हॅन ही तिचीच बहीण. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही जाहीर केलं, आणि अशा गाड्या आता आपल्याकडे भाड्यानं मिळतात.

समजा, मे महिन्याच्या सुट्टीत तुमचे पुण्याचे काका अशी एक गाडी घेऊन आगाशीला आले. अर्नाळ्याचा समुद्र जवळ, भावंडं खूश! पण वाडीकडे जाणारा रस्ता अरुंद, वर झाडांच्या फांद्या. एवढी उंच गाडी आत शिरणार कशी? म्हणून ती राहिली बाहेर, उघड्या मैदानात. गाडीच्या टपावर एक एसी आहे, पण तो पुढच्या बैठकीवर. मागे झोपायची खोली, मध्ये दार. दुपारी पुढे गारेगार आणि मागे भट्टी! काका म्हणतात, "त्यात काय, मागेही एक एसी ठोकून देऊ. झालं!"

खरंच झालं का? चला, काकांचा हिशेब जरा तपासून बघू या.

आधी एक जुना प्रश्न. स्वयंपाकघरात फार उकडतंय म्हणून फ्रीजचं दार उघडं ठेवलं, तर खोली गार होईल का? हो म्हणालात तर फसलात. उलट ती थोडी जास्तच तापेल. कारण फ्रीज काय किंवा एसी काय, गारवा तयार करतच नाहीत. ते उष्णतेचे हमाल आहेत. आतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढंच त्यांचं काम. आणि हमालाला मजुरी द्यावी लागते ती विजेची. ही वीजसुद्धा शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणून एसीच्या मागच्या बाजूला हात धरला की गरम वाफारा लागतो.

एसीची ताकद 'टना'त का मोजतात, हे ठाऊक आहे? त्याचं नातं बर्फाशी आहे. यंत्रं येण्यापूर्वी गारवा बर्फानंच मिळायचा. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता पितो, तेवढी उष्णता ओढणारा एसी तो एक टनाचा. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. नववी-दहावीतल्या ताईदादांनी गुणाकार करून चोवीस तासांच्या सेकंदांनी भागावं. उत्तर साधारण साडेतीन किलोवॅट येईल.

आणि चाकांवरची खोली बर्फानं गार करण्याचा प्रयोग चक्क आपल्या विरारच्या रुळांवरून धावलाय, बरं का! मुंबईहून पेशावरला जाणारी फ्रंटियर मेल १९२८ साली सुरू झाली. १९३४ साली तिला वातानुकूलित डबा लागला, भारतातला तो पहिलाच. आजच्यासारखं यंत्र नव्हतं त्यात. डब्याच्या तळाशी पेट्या, त्यांत बर्फाच्या लाद्या, आणि त्यांवरून पंख्यानं हवा आत सोडायची. बर्फ वितळला की वाटेतल्या ठरावीक स्टेशनांवर नव्या लाद्या भरायच्या. गारवा अर्थात बड्या साहेबलोकांसाठी. बाकीच्यांना खिडकीचा वारा! हीच गाडी १९९६ पासून गोल्डन टेंपल मेल या नावानं धावते. २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल निघाली, आणि पुढे विरारच्या प्रवाशांनाही ती मिळाली. तिला मात्र बर्फाची चिंता नाही. डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्टची वीज सतत हजर.

आपल्या काकांच्या गाडीवर तशी तार नाही. खरी गोम इथंच आहे.

आता त्या मागच्या खोलीकडे वळू. ती तापते कशानं? समजा तिचं छप्पर दोन मीटर बाय सव्वादोन मीटर, म्हणजे साडेचार चौरस मीटर. भर दुपारी एका चौरस मीटरवर उन्हाची साधारण १००० वॅट शक्ती पडते. म्हणजे छपरावर साडेचार किलोवॅट! त्यातून मेच्या मध्याला आगाशीत सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस. छपराला ऊन चुकवायला जागाच नाही. रंग पांढरा असेल तर बरंचसं ऊन परत फेकलं जातं, पत्र्याखाली जाड थर्माकोलसारखं अस्तर असेल तर उरलेल्यातलंही पुष्कळ अडतं. पण काचेच्या खिडकीतून ऊन सरळ आत येतं. शिवाय माणूस हीसुद्धा एक छोटी शेगडी आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडते. चार भावंडं पत्ते खेळत बसली की झाले ४००.

अस्तर चांगलं असेल तर एवढ्याशा खोलीला अर्धा-पाऊण टनाचा एसी पुरतो. पण दुकानात गेलं की मोठाच घ्यावासा वाटतो. तिथं कोकणची हवा आपल्याला चकवते. आपल्याकडच्या हवेत वाफ फार. एसीच्या गार नळ्यांवर ती वाफ पाणी होऊन गळते, तेव्हा कुठे अंगाची चिकचिक थांबते. पण त्याला वेळ लागतो. छोट्या खोलीत दांडगा एसी लावला तर पाच मिनिटांत गारवा येतो आणि एसी बंद पडतो, हवा मात्र ओलीच राहते. गार आणि दमट! अंथरूण ओलसर लागतं, आणि अस्तराच्या मागे बुरशी धरते ती वेगळीच.

आता वीज. एक टनाचा एसी साधारण १ ते १.२ किलोवॅट खातो. १२ व्होल्टची, १०० ॲम्पिअर-अवर्सची बॅटरी पूर्ण भरली तर तिच्यात १.२ युनिट वीज मावते. म्हणजे एक एसी तासभर, दोन एसी अर्धा तास. मग रामराम! सोलर पॅनेल लावली तर? एक चौरस मीटरचं चांगलं पॅनेल भर उन्हात २०० वॅटच्या आसपास देतं, म्हणजे एका एसीला पाच-सहा चौरस मीटर हवीत. आणि गंमत बघा, गाडी गार राहावी म्हणून सावलीत लावावी, तर पॅनेल उपाशी. पॅनेलसाठी उन्हात लावावी, तर गाडी तापते.

मग काका म्हणतील, घरातून वायर ओढू. ठीक, पण घरचा मोठा प्लग १६ ॲम्पिअरचा. दोन एसींचे मिळून दहा ॲम्पिअर. त्याच वेळी आतून काकूंनी चहासाठी २००० वॅटची विजेची शेगडी लावली की आणखी जवळजवळ नऊ. बेरीज तुम्हीच करा. नशीब चांगलं असेल तर एमसीबी पडेल. लांबलचक बारीक वायर असेल, त्यातही ती गुंडाळलेली असेल, तर ती तापून पेटूही शकते. अमेरिकेत मोटरहोमच्या तळांवर म्हणूनच दोन प्रकारची जोडणी असते, एक ३० ॲम्पिअरची आणि एक ५० ॲम्पिअरची. दोन एसीवाल्या गाड्या बहुधा ५०ची जागा शोधतात.

उरला जनरेटर. इथं मात्र जरा थांबून नीट वाचा, आणि आईबाबांनाही वाचून दाखवा.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथं रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोघंजण मृत सापडले. एसीसाठी जनरेटर चालू ठेवलेला होता. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वायू गाडीत शिरला होता, असं तपासात निघालं. या वायूला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेपट ओढीनं त्याला धरून ठेवतं. माणसाला आधी डोकं दुखल्यासारखं, गुंगी आल्यासारखं होतं. झोपेत असेल तर तेही कळत नाही. म्हणून उभ्या गाडीत इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून कुणीही झोपायचं नाही. अंगणात नाही, पेट्रोल पंपावर नाही, कुठेच नाही. हा वायू ओळखून ओरडणारी छोटी यंत्रं मिळतात. दुसऱ्या एसीच्या आधी ते यंत्र घ्यायला हवं.

म्हणजे मागच्या खोलीत एसी लावायचाच नाही का? लावावा की! पण तो शेवटी. आधी खिडक्यांना बाहेरच्या बाजूनं चकचकीत पडदे. ऊन काचेबाहेर अडवलं तर ते आत आल्यावर हाकलण्याचे कष्ट वाचतात. मग मधल्या दारावर एक छोटा पंखा किंवा नळकांडं, म्हणजे पुढचा गारवा मागे जाईल. पुष्कळदा दुखणं एवढंच असतं, की गार हवेला मागे जायला वाट नसते. रात्री तर ऊनही नसतं. एवढं करून उकडलंच, तर लहान एसी, त्याला स्वतंत्र वायर, आणि काम माहीतगार माणसाकडून. टपाला साधारण ३५ सेंटिमीटरचं चौकोनी भोक पाडावं लागतं. ते नीट बुजवलं नाही तर आपला जूनमधला पाऊस थेट उशीवर! गाडीच्या रचनेत बदल होणार असेल तर आरटीओला विचारावं लागतं, आणि गाडी भाड्याची असेल तर मालकाला.

"एसी कशाला, कूलर लावा," असं नागपूरचा मामेभाऊ नक्की म्हणेल. त्याचं तिथं बरोबर आहे, इथं नाही. का, ते स्वतःच शोधा. दोन साधे थर्मामीटर घ्या (तापाचा नको). एकाच्या फुग्याला ओला सुती कपडा गुंडाळा, दोन्ही सावलीत टांगा, आणि वहीनं दहा मिनिटं वारा घाला. दोन्हींतला फरक लिहून ठेवा. मे महिन्यात त्याच दिवशी, त्याच वेळी मामेभावाला नागपुरात हेच करायला सांगा, आणि फोनवर आकडे विचारा.