पडद्यावरील महासरट : किमया आणि कथा

इ. स. १९२२ सालची गोष्ट. न्यूयॉर्क शहरीं अमेरिकन जादूगारांच्या संस्थेची मंडळी जमली होती. शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉइल यांनीं तेथें एक लहानशी चित्रफीत दाखविली. पडद्यावर डायनोसॉर, म्हणजे कोट्यवधि वर्षांपूर्वीं नष्ट झालेले महासरट, हिंडतांना व परस्परांशीं झुंजतांना दिसूं लागले. हीं चित्रें कशीं घेतलीं याविषयीं डॉइल यांनीं त्या वेळीं कांहींच सांगितलें नाहीं. हातचलाखी हाच ज्यांचा व्यवसाय, ते प्रेक्षकहि बुचकळ्यांत पडले.

या चमत्कारामागें विलिस ओब्रायन या कारागिराचे हात होते. डॉइल यांच्या १९१२ सालच्या कादंबरीवरून ‘द लॉस्ट वर्ल्ड’ हा मूकपट तयार होत होता. तो १९२५ सालीं प्रदर्शित झाला. ओब्रायनची युक्ति सांगावयास सोपी, पण करावयास महाकठीण. धातूच्या सांधेदार सांगाड्यावर रबराची कातडी चढवून प्राण्याची लहान प्रतिमा करावयाची. तिचा पाय केसभर सरकवून एक चित्र घ्यावयाचें. पुन्हां केसभर सरकवून दुसरें. बोलपटाच्या गतीनें सेकंदास २४ चित्रें धरलीं, तर एका मिनिटाच्या दृश्यास १,४४० चित्रें लागतात. इतक्या तपश्चर्येनंतर निर्जीव प्रतिमा पडद्यावर सजीव भासते.

परंतु कोणतीहि किमया कांहीं वर्षांत जुनी होते. आज ‘द लॉस्ट वर्ल्ड’मधील प्राण्यांची धक्के खात चालणारी गति लहान मुलाच्याहि ध्यानांत येते. तेव्हां प्रश्न असा कीं, किमयेचें नावीन्य ओसरल्यावर चित्रपटांत उरतें काय?

या प्रश्नाचा विचार करण्यास १९९३ सालच्या ‘जुरासिक पार्क’सारखें दुसरें उदाहरण नाहीं. मायकेल क्रायटन यांच्या १९९० सालच्या कादंबरीवरून स्टीव्हन स्पीलबर्ग यांनीं तो दिग्दर्शित केला. दूरचे प्राणी दाखविण्याचें काम प्रथम फिल टिपेट यांच्याकडे होतें. ते ओब्रायनच्याच परंपरेंतले, प्रतिमा हलवून चित्रें घेणारे. पण डेनिस म्युरेन यांच्या हाताखालील मंडळींनीं संगणकावर रेखलेला डायनोसॉर चालवून दाखविला आणि जुन्या विद्येचा काळ एका दिवसांत सरल्यासारखें झालें. तरीहि टिपेट यांना निरोप मिळाला नाहीं. प्राणी वजन कसें टाकतो, मान कशी वळवितो, हें जाणणारा माणूस संगणकासहि हवाच होता. यंत्र बदललें; निरीक्षणाची गरज बदलली नाहीं.

जवळून दिसणाऱ्या प्राण्यांसाठीं स्टॅन विन्स्टन यांनीं सुमारें ४० फूट लांबीचा यांत्रिक टायरॅनोसॉरस उभारला. कृत्रिम पावसांत त्याची कातडी पाणी शोषून जड होई आणि तें अवाढव्य धूड थरथरूं लागे. मग माणसांनीं तें पुसून कोरडें करावयाचें. पडद्यावर जो साक्षात् काळ भासतो, तो पडद्यामागें असा परावलंबी होता.

एवढा खटाटोप करूनहि, १२७ मिनिटांच्या या चित्रपटांत डायनोसॉर प्रत्यक्ष दिसतात ते सुमारें पंधरा मिनिटेंच. उरलेला वेळ कथेचा आहे, आणि दिग्दर्शकाचें कौशल्य तेथेंच दिसतें. पहिला प्रचंड प्राणी येतो तेव्हां प्रेक्षकास तो आधीं दिसत नाहीं. दिसतात ते त्याला पाहून थक्क झालेले दोन शास्त्रज्ञांचे चेहरे. टायरॅनोसॉरसच्या प्रवेशापूर्वीं वीज गेलेली, पाऊस कोसळत असलेला, मुलें गाडींत अडकलेलीं. आणि पेल्यांतील पाण्यावर बारीक वर्तुळें उठतात. प्राणी पुढें येण्यापूर्वींच भीति येऊन बसलेली असते. त्या हल्ल्याच्या प्रसंगीं पार्श्वसंगीतहि थांबविलें आहे. ऐकूं येतात ते पाऊस, किंकाळ्या आणि डरकाळी.

मात्र कथेचीं उणींहि झांकून ठेवूं नयेत. कादंबरींत उद्यानाचा लोभी मालक आपल्याच निर्मितीच्या तोंडीं जातो. चित्रपटांत तो प्रेमळ आजोबा होऊन सुखरूप परततो. अपराधाचें ओझें त्यामुळें हलकें झालें. ज्याच्या पावलांनीं पूर्वीं भूमि हादरली, तोच टायरॅनोसॉरस शेवटीं इमारतींत निःशब्द शिरतो आणि माणसांची सुटका होते. येथें कथा थकली व किमयेनें तिला खांद्यावर घेतलें, असेंच म्हणावें लागतें. विज्ञानाच्या दृष्टीनेंहि कांहीं गोष्टी टिकल्या नाहींत. टायरॅनोसॉरस हा जुरासिक युगांतला नव्हेच, तो त्यानंतरच्या क्रिटेशियस युगांतला. आणि खरा व्हेलॉसिरॅप्टर लहान व पिसें असलेला होता.

तथापि या चित्रपटांत एक शांत प्रसंग आहे. उद्यानाचा मालक वितळणारें आइस्क्रीम खात आपल्या जुन्या पिसवांच्या सर्कशीची आठवण सांगतो. तींत पिसवा नव्हत्याच. झोके यंत्रानें हलत आणि मुलांना पिसवा दिसत. भ्रम नसलेलें कांहीं खरें निर्माण करावें, या हौसेपायीं आपण हें उद्यान उभारलें, असें तो म्हणतो. त्याची भ्रमरहित सृष्टि माणसांच्या जिवावर उठते. आणि ती कथा सांगणारा चित्रपट मात्र स्वतः भ्रमच असतो. या प्रसंगांत एकहि डायनोसॉर नाहीं, तरी सर्व चित्रपटाचा अर्थ त्यांत सांठविला आहे.

पेल्यांतील तीं वर्तुळें कशीं उठविलीं? गाडीखालून गिटारची एक तार ताणून ती छेडली, इतकेंच. संगणकाच्या चमत्काराशेजारीं ही युक्ति कवडीमोलाची. परंतु ती योग्य क्षणीं आली. प्रेक्षक तिकीट काढतो तें डायनोसॉर पाहण्यासाठीं. घरीं परततांना त्याच्या मनांत हालत राहतें तें पेल्यांतलें पाणी.