दुधाचा कस आणि दुधाचा दर

राज्य शासनाने जुलै २०२३ मध्ये गायीच्या दुधाला लिटरमागे ३४ रुपये किमान दर ठरविला, तो ३.५ टक्के स्निग्धांश व ८.५ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ असलेल्या दुधाला. दूध या कसोटीला उतरले नाही की पॉइंटमागे कपात ठरलेली. ही कपात म्हणजे जणू गोपालकाच्या हयगयीचा दंडच, असे मानण्याचा प्रघात आहे. तो न्याय्य आहे काय?

एकाच कळपातील गायी कमीअधिक दूध देतात, त्या फरकातील सुमारे पाव हिस्सा आनुवंशिक असतो. स्निग्धांशाच्या टक्केवारीत मात्र तो जवळजवळ निम्मा भरतो. होल्स्टीनचे दूध उदंड पण पातळ, जर्सीचे बेताचे पण सकस. होल्स्टीनचे रेतन करून घ्या, हा सल्ला खेडोपाडी आपणच दिला.

बाकीचा प्रश्न मुख्यतः वैरणीचा. तंतुमय चारा गायीच्या कोठीपोटात आंबून जे ॲसेटिक आम्ल बनते, त्यातून स्निग्धांशाचा मोठा भाग घडतो. कडबा संपला आणि सारी भिस्त पेंडीवर आली की तो उतरतो. गाय अर्धपोटी राहिली तर स्निग्धेतर घटकही घटतात. त्यात उन्हाचा ताप. म्हणजे माणदेशातील गोपालक दुष्काळात वैरण महाग घेतो आणि दूध स्वस्त विकतो! उन्हाळ्यापुरती तरी ही कसोटी सैल करावी आणि रेतनाच्या वेळी वळूच्या मुलींच्या दुधाची टक्केवारी मालकाला दाखवावी. संघांना यात तोटा दिसेल. पण पिशवीतील दुधाचे प्रमाणीकरण ते एरवीही करतातच.