ओसाड वाडे आणि चौकटीबाहेरची माणसे

आयर्लंडच्या खेड्यापाड्यांतील ओसाड वाड्यांच्या आणि गढ्यांच्या छायाचित्रांचे एक पुस्तक मध्यंतरी माझ्या हाती आले. छप्पर नसलेल्या तीनमजली भिंती, खिडक्यांतून आरपार दिसणारे आभाळ, दिवाणखान्यात उगवलेली झाडे, वेलींनी गिळलेले खांब. पाने उलटताना मी नकळत हळहळलो, आणि मग स्वतःशीच चपापलो. माझ्यापूर्वी आमच्या घराण्यात कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. माझ्या आजीने आयुष्यभर गावातल्या वाड्याचे अंगण झाडले, पण त्याचा उंबरा कधी ओलांडला नाही. तिच्या नातवाने परक्या देशातला वाडा पडला म्हणून का हळहळावे? हळहळण्यात गैर काही नाही. पण ही हळहळ आपोआप येत नाही, छायाचित्र ती आपल्याकडून करवून घेते. ती कशी, हे समजून घेतले पाहिजे.

या छायाचित्रणाची आता एक परंपराच झाली आहे. सायमन मार्सडन या छायाचित्रकाराचे आयर्लंडमधील भग्न वाड्यांवरचे पुस्तक १९८० मध्ये निघाले. तो अवरक्त किरण टिपणारी फिल्म वापरी. तिच्यावर हिरवी पाने पांढरीफटक उमटतात, आकाश काळवंडते आणि पडका वाडा भुताटकीचा वाटू लागतो. पुढे टार्क्विन ब्लेकचे पुस्तक २०१० मध्ये आणि रॉबर्ट ओ'बर्नचे २०१९ मध्ये आले. या मंडळींचे श्रम मी कमी लेखत नाही. अनेक वाडे खाजगी शेतांत, झाडीत दडलेले आहेत; ते शोधून, नोंदवून ठेवणे हे मोलाचे काम आहे. प्रश्न त्यांच्या श्रमांचा नाही, चौकटीचा आहे.

हे वाडे उभे कशावर राहिले, ते आधी पाहू. सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्रजी सत्तेने आयरिश कॅथलिकांच्या जमिनी जप्त करून आपल्या माणसांना दिल्या. १७०४ च्या कायद्याने कॅथलिकांना जमीन विकत घेण्यास बंदी केली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकसंख्येत बहुसंख्य असलेल्या कॅथलिकांकडे जेमतेम पाच टक्के जमीन उरली होती. हे वाडे प्रामुख्याने त्याच शतकातले. म्हणजे वाड्याचा प्रत्येक दगड कुळांच्या खंडातून चढलेला आहे.

मग १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. ऐन दुष्काळात, १८४७ मध्ये, पार्लमेंटने असे कलम केले की ज्याच्याकडे पाव एकरापेक्षा, म्हणजे आपल्या दहा गुंठ्यांपेक्षा, जास्त जमीन आहे त्याला सरकारी मदत मिळणार नाही. धान्य हवे असेल तर जमीन सोडा! हे कलम सुचवणारा विल्यम ग्रेगरी पुढे गॉलवे परगण्यातील कूल पार्क या वाड्याचा धनी झाला. त्याची पत्नी लेडी ग्रेगरी आयरिश नाट्यचळवळीची आधारस्तंभ. कवी येट्स याच वाड्यात येऊन राहत असे. १९४१ मध्ये हा वाडा पाडला गेला, आणि साहित्यिक जग आजही त्याबद्दल हळहळते. त्या कलमापायी ज्यांची घरे गेली, त्यांच्यासाठी हळहळायला मात्र एखादी भिंतही शिल्लक नाही.

आता छपराकडे पाहू. छायाचित्रांतल्या बहुतेक वाड्यांना छप्पर नसते. कारणे तीन. १९२० ते १९२३ या काळात, आधी स्वातंत्र्ययुद्धात आणि नंतर यादवी युद्धात, जवळजवळ तीनशे वाडे जाळले गेले. दुसरे, १९०३ च्या आणि त्यानंतरच्या जमीन कायद्यांनी जमिनी कुळांच्या मालकीच्या झाल्या, खंड थांबला आणि चाळीस खोल्यांचा वाडा पोसणे अशक्य झाले. तिसरे, छप्पर असलेल्या घरावर घरपट्टी बसे, म्हणून कित्येक मालकांनी स्वतःच छप्पर उतरवले.

पण त्याआधी अर्धे शतक याच देशात दुसरी छपरे उतरवली गेली होती. कुळाला बेदखल केले की झोपडीचे छप्पर पाडत, हेतू हा की कुटुंब रात्री परत येऊन निवाऱ्याला राहू नये. मेयो परगण्यात १८५० मध्ये अशाच एका बेदखल कुटुंबात चार वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव मायकेल डेव्हिट. १८७९ मध्ये त्याने लँड लीगच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि कुळांची चळवळ उभी केली. झोपडीचे छप्पर आधी गेले, वाड्याचे नंतर. हा क्रम छायाचित्रात दिसत नाही.

झोपड्यांची छायाचित्रेच नाहीत, असे मात्र नाही. १८८८ च्या जुलैमध्ये क्लेअर परगण्यातील किलरश येथे व्हँडेलर जमीनदाराने कुळांना घराबाहेर काढले, तेव्हाची छायाचित्रे डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील लॉरेन्स संग्रहात आहेत. दारापुढे बंदूकधारी शिपाई, तिकाटण्याला टांगलेला मोठा ओंडका आणि त्याने फोडलेली भिंत. हीसुद्धा भग्न घराचीच छायाचित्रे आहेत. पण त्यांत घर मोडणारा हात दिसतो, म्हणून ती पाहून हुरहुर लागत नाही, संताप येतो. वाड्यांच्या छायाचित्रांतून माणूस वजा केलेला असतो. जणू वाडा काळाने पाडला, वेलींनी पाडला!

यात सामग्रीचाही भाग आहे. वाडा दगडाचा, झोपडी मातीची. माती पावसात मिसळून जाते, दगड छायाचित्रासाठी उभा राहतो. मात्र दुष्काळापूर्वी तयार केलेल्या आयर्लंडच्या सहा इंची सरकारी नकाशांवर दोन्ही आहेत: वाडा, त्याभोवतीचे राखीव रान, आणि रानाबाहेर दाटीवाटीने असलेली कुळांची घरे. असा नकाशा हाती असूनही कॅमेरा त्यातल्या एकाच खुणेकडे जातो.

येथे एक अडचणीचे उदाहरण दडवून चालणार नाही. लॉक कॅरा सरोवराकाठचा मूर हॉल हा वाडा कॅथलिक घराण्याचा होता. त्या घरातील जॉन मूर १७९८ च्या बंडात सामील होता. जॉर्ज हेन्री मूरने १८४६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीत जिंकलेला पैसा दुष्काळात कुळांसाठी खर्चला. तरीही १ फेब्रुवारी १९२३ रोजी तो वाडा जाळला गेला, कारण घराण्यातील मॉरिस मूर नव्या राज्याचे सेनेटर होते. म्हणजे प्रत्येक जळका वाडा हा न्यायाचा पुरावा नव्हे. वाड्याबद्दलची हळहळ जशी तपासून घ्यायची, तसा वाडा जळाल्याचा आनंदही तपासून घेतला पाहिजे. पडक्या भिंतीवर न्याय की अन्याय असे लिहिलेले नसते, तो इतिहास शोधावा लागतो.

तो शोधता येतो, हे रॉसकॉमन परगण्यातील स्ट्रोक्सटाउनने दाखवले आहे. तेथील जमीनदार डेनिस मॅहनने १८४७ मध्ये जवळजवळ दीड हजार माणसांना कॅनडाच्या जहाजांवर चढवले. त्यांतील अनेक वाटेतच मेली. त्याच वर्षी मॅहनचा खून झाला. पुढे वाड्यात जुने कागद सापडले. त्यांत भुकेल्या कुळांनी केलेला अर्जही होता. १९९४ पासून तेथे दुष्काळाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. वाडाही राखला आणि अर्जही राखला. दोन्ही शेजारी ठेवल्यावर पाहणाऱ्याला भिंतीकडे नुसते पाहता येत नाही.

आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती आज कॅमेरे आहेत, आणि पडके वाडे कोठेही सापडतात. त्यांनी छायाचित्रे जरूर काढावीत. पण प्रत्येक छायाचित्राखाली तीन गोष्टी लिहाव्यात: हे कोणी बांधले, कोणाच्या कष्टातून बांधले, आणि ती माणसे कोठे राहत. आणि निघण्यापूर्वी दरवाज्यात उभे राहून, वाड्याकडे पाठ करून, समोरच्या मोकळ्या रानाचे एक छायाचित्र काढावे. पुष्कळदा त्यात काहीच दिसणार नाही. ते तसेच छापावे, आणि तेथे कोण राहत होते ते खाली लिहावे.