कंपनीचा रनवे, आपला रनवे

सकाळी साडेनऊची घाटकोपर मेट्रो. पाय ठेवायला जागा नाही. साकीनाका, मरोळ नाका, चकाला, एकेका स्टेशनवर गळ्यात आयडी कार्ड अडकवलेले चेहरे उतरत जातात. त्यातली निम्मी कार्डं ओळखीच्या कंपन्यांची असतात. उरलेल्या निम्म्यांवरची नावं आपण कधी ऐकलेलीही नसतात. एका शब्दाची, इंग्रजी स्पेलिंग मुद्दाम चुकवलेली, रंगीत लोगोवाली. कदाचित पुढच्या जूनमध्ये त्यातलं एक कार्ड तुमच्या गळ्यात असेल.

समजा, कॅम्पस प्लेसमेंट संपलीये आणि तुमच्या मेलमध्ये दोन ऑफर लेटर पडली आहेत. एक नावाजलेल्या मोठ्या कंपनीचं, साडेतीन लाखांचं. दुसरं अंधेरी ईस्टमधल्या दोन वर्षांच्या स्टार्टअपचं, सहा लाखांचं. घरी काय होणार हे तुम्हाला माहीतच आहे. आई म्हणणार, ‘कंपनीचं नाव तरी कुणी ऐकलंय का?’ बाबा म्हणणार, ‘बुडाली तर?’ तुम्ही म्हणणार, ‘तुम्हाला नाही कळणार!’ आणि जेवण गप्पच होणार.

पण बाबांचा प्रश्न वाईट नाहीये. फक्त तो अर्धा आहे. ‘बुडाली तर?’ याच्या पुढे ‘मी किती महिने तरेन?’ हा प्रश्न जोडला, की मग खरा हिशोब सुरू होतो.

पवईत काय झालं होतं?

आपण शाळेत होतो, तेव्हा म्हणजे २०१५ साली, मुंबईच्या स्टार्टअपची राजधानी पवई होती. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेली मुलं हिरानंदानीच्या आसपास ऑफिस थाटत होती. त्यातलीच एक टायनीआउल. मोबाइलवरून जेवण मागवायचं हे अ‍ॅप २०१४ मध्ये सुरू झालं. सिकोया, मॅट्रिक्स, नेक्सस अशा बड्या गुंतवणूकदारांनी त्यात पैसे घातले. २०१५च्या सुरुवातीला सुमारे १०० कोटी रुपये आले. शहराशहरांत ऑफिसं उघडली, भरती जोरात झाली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पहिली कपात झाली, नोव्हेंबरमध्ये दुसरी. पुण्याच्या ऑफिसमध्ये तर कर्मचाऱ्यांनी ‘आमचे पैसे आधी द्या’ म्हणत कंपनीच्या एका सहसंस्थापकाला बाहेरच पडू दिलं नाही. तो जवळजवळ दोन दिवस तिथे अडकून होता. पुढे २०१६ मध्ये टायनीआउल रोडरनर या कंपनीत विलीन झाली आणि २०१७ मध्ये ती जोड-कंपनी झोमॅटोने घेतली.

या गोष्टीतला एक मुद्दा नीट बघा. पैसे जानेवारी-फेब्रुवारीत आले आणि नोकऱ्या नोव्हेंबरमध्ये गेल्या. म्हणजे ‘कंपनीला मोठं फंडिंग मिळालंय’ ही बातमी तुमच्या नोकरीची गॅरंटी नसते. उलट फंडिंग मिळालं की खर्चही तितक्याच वेगाने वाढवला जातो.

आता लगेच ‘बघ, मी सांगत होतो ना!’ असं म्हणणाऱ्या बाबांसाठी दुसरं उदाहरण, तेही अंधेरीचंच. जेट एअरवेज. १९९३ पासून विमानं उडवणारी, देशातली मोठी कंपनी, मुख्य कार्यालय अंधेरी पूर्वेला. १७ एप्रिल २०१९ ला तिचं उड्डाण थांबलं. हजारो लोकांचे पगार थकले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. आणि २०२५ मध्ये टीसीएसनेही सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास नोकऱ्या कमी करणार असल्याचं जाहीर केलंच की.

थोडक्यात काय, धोका सगळीकडे आहे. मोठ्या कंपनीत तो बहुतेक वेळा हळूहळू दिसत जातो. स्टार्टअपमध्ये मात्र शुक्रवारी संध्याकाळी कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग पडते आणि सोमवारी लॅपटॉप परत द्यायचा असतो.

सहा लाख म्हणजे किती?

आधी ऑफर लेटर फोडूया. सहा लाख भागिले बारा म्हणजे महिन्याला पन्नास हजार, असं आपण मनात करून टाकतो आणि इन्स्टावर स्टोरीही टाकतो. पण समजा त्या सहा लाखांत एक लाखाचे ईसॉप्स आहेत, पन्नास हजार ‘व्हेरिएबल’ आहे. उरले साडेचार लाख, म्हणजे महिन्याला साडेसदतीस हजार. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ अठराशे, तुमच्या वाट्याचा अठराशे, व्यवसाय कर दोनशे. हातात येतात साधारण तेहेतीस हजार सातशे. पन्नास नाही.

व्हेरिएबल म्हणजे ‘मिळाला तर मिळाला’. ते कशावर ठरतं, तुमच्या कामावर की कंपनीच्या कमाईवर, आणि मागच्या वर्षी लोकांना प्रत्यक्षात किती मिळालं, हे एचआरला सरळ विचारा.

आता ईसॉप्स. हे कंपनीचे शेअर नसतात, ठरलेल्या भावाने पुढे कधीतरी शेअर घेण्याचा हक्क असतो. कायद्याने हा हक्क मिळायला किमान एक वर्ष थांबावं लागतं आणि पुढचे हप्ते साधारण चार वर्षांत मिळतात. म्हणजे अकराव्या महिन्यात नोकरी गेली, तर त्या एक लाखातला एक रुपयाही तुमचा नाही. शिवाय हक्क वापरून शेअर घेतले, की ठरलेला भाव आणि त्या दिवशीची किंमत यातला फरक तुमच्या पगारात धरून त्यावर कर लागतो. शेअर विकून पैसे हातात आले नसले तरीही! सरकारची खास मान्यता असलेल्या काही स्टार्टअपमध्ये हा कर पुढे ढकलता येतो, पण आपली कंपनी त्यात बसते का, हे विचारावं लागतं.

ईसॉप्समुळे माणसं श्रीमंत होतात का? होतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबईचीच नायका शेअर बाजारात आली. ११२५ रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी २२०० रुपयांच्या वर बंद झाला. त्याच महिन्यात मुंबईच्याच फार्मइझीच्या मूळ कंपनीने ६२५० कोटींच्या आयपीओसाठी अर्ज केला. ऑगस्ट २०२२ मध्ये तो मागे घेतला आणि २०२३ मध्ये आधीच्या भावापेक्षा सुमारे ९० टक्के कमी किमतीला शेअर काढून पैसे उभे करावे लागले. शहर एक, महिना एक, आणि कागदावरच्या आकड्यांचं नशीब पूर्ण वेगळं. म्हणून ईसॉप्सना लॉटरीचं तिकीट समजा. मिळालं तर घ्या, पण ते धरून घरभाड्याचा हिशोब करू नका.

कंपनीचा रनवे

स्टार्टअपवाल्यांच्या बोलण्यात ‘रनवे’ हा शब्द सतत येतो. बँकेत शिल्लक किती आणि दर महिन्याला कमाईपेक्षा जास्त खर्च किती, यांचा भागाकार म्हणजे रनवे. बँकेत सहा कोटी आहेत आणि महिन्याला पन्नास लाख जास्तीचे जातायत, तर रनवे बारा महिन्यांचा. तेवढ्या वेळात एकतर नफा दिसायला हवा, नाहीतर नवा गुंतवणूकदार.

‘हे आपण फ्रेशर असून कसं विचारायचं?’ असं वाटेल. नम्रपणे विचारता येतं. ‘सर, मला पुढची दोन वर्षं इथेच काम करायचंय. सध्या कंपनीकडे साधारण किती महिन्यांचा रनवे आहे?’ आकडा सांगितला तर उत्तमच. ‘अठरा महिने, आणि या सहा महिन्यांत आम्ही पुढची फेरी करतोय’ हे सरळ उत्तर झालं. ‘फॅमिलीसारखं वातावरण आहे, पैशांची काळजी करू नकोस’ हे उत्तर नव्हे.

काही गोष्टी स्वतःही तपासता येतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या म्हणजे एमसीएच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव टाकलं, की ती कधी नोंदली गेली, संचालक कोण, शेवटचा ताळेबंद कधी भरला हे दिसतं. ताळेबंद दोन-दोन वर्षं भरलेलाच नसेल, तर समजून जा. लिंक्डइनवर त्या कंपनीतून गेल्या सहा महिन्यांत बाहेर पडलेली माणसं शोधा आणि एकच प्रश्न विचारा, ‘पगार वेळेवर व्हायचा का?’ सोडून गेलेला माणूस बहुतेक वेळा खरं सांगतो.

आणखी एक. कंपनी बुडत नाही, पण गाव बदलते. झेप्टो २०२१ मध्ये मुंबईत सुरू झाली, पुढे तिने मुख्यालय बंगळुरूला हलवलं. बोरिवलीच्या घरी राहून, आईच्या हातचा डबा घेऊन करायची नोकरी आणि बंगळुरूत भाड्याची खोली घेऊन करायची नोकरी, या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत.

आणि तुमचा रनवे?

आता मुख्य मुद्दा. कंपनीचा रनवे आपल्या हातात नाही. आपला आहे.

एकाच स्टार्टअपमध्ये, एकाच दिवशी, एकाच पगारावर दोघी लागल्या असं धरा. हातात ३३,७०० रुपये. पहिली मुलुंडला आईबाबांकडे राहते. लोकलचा पास, मोबाइल, घरी थोडे पैसे, थोडी मजा, मिळून खर्च बारा हजार. महिन्याला २१,७०० शिल्लक. दुसरी साताऱ्याहून आलीये, मरोळला पीजीमध्ये राहते. खोली आणि मेस अठरा हजार, शैक्षणिक कर्जाचा हप्ता आठ हजार, बाकी किरकोळ तीन हजार. खर्च २९ हजार. शिल्लक ४,७००.

सातव्या महिन्याच्या शेवटी कंपनी बंद पडली. पहिलीकडे दीड लाख रुपये आहेत, म्हणजे ती वर्षभर आरामात नवी नोकरी शोधू शकते. दुसरीकडे ३३ हजारांच्या आसपास आहेत. तिला जेमतेम एक महिना मिळतो. मग मिळेल ती पहिली नोकरी घ्यावी लागते, कमी पगाराची, नको असलेल्या कामाची.

ऑफर एकच होती. धोका एकच नव्हता. म्हणून ‘रिस्क घ्यायला पाहिजे यार, विशीत नाही तर कधी!’ असं कुणी म्हणालं, की तो कुठे राहतो आणि त्याच्या घराचा हप्ता कोण भरतं, हे आधी बघा. सल्ला चुकीचा असेलच असं नाही, पण तो त्याच्या खिशाच्या मापाचा असतो.

मग दुसरीने स्टार्टअपला जाऊच नये का? तसं अजिबात नाही. तिने वेगळ्या अटींवर जावं. ईसॉप्स कमी करून फिक्स्ड वाढवून मागावं. काढून टाकलं तर नोटीस किती दिवसांची, हे लेखी घ्यावं. तिचा नोटीस पिरियड तीन महिने आणि कंपनीचा सात दिवस, असं लेटरमध्ये असेल तर तिथेच बोलावं. बऱ्याच शैक्षणिक कर्जांत कोर्स संपल्यावर काही महिने हप्ता नसतो, त्या काळातले पैसे बाजूला टाकावेत. किंवा सरळ एक वर्ष मोठ्या कंपनीत काढून, चार महिन्यांच्या खर्चाएवढी गंगाजळी जमवून मग उडी मारावी. चोविसाव्या वर्षीही स्टार्टअप असतातच.

आणि घरी राहणाऱ्या पहिलीने? तिच्याकडे धोका पत्करायची ऐपत आहे, पण तिनेही एक प्रश्न विचारावा, ‘मला शिकवणार कोण?’ छोट्या टीममध्ये पहिल्याच महिन्यात मोठं काम अंगावर पडतं, ही स्टार्टअपची खरी कमाई. पण वर अनुभवी माणूसच नसेल, तर आपण फक्त आपल्याच चुका पक्क्या करत राहतो.

कागद जपा

रुजू झाल्यावरही काही सवयी ठेवा. नेमणूक पत्र आणि दर महिन्याची सॅलरी स्लिप स्वतःच्या मेलवर ठेवा, ऑफिसच्या नको. लॅपटॉप परत गेला की ऑफिसचा मेलही जातो. पीएफ कापला जात असेल, तर उमंग अ‍ॅपवर पासबुक बघा. पगारातून कापलेले पैसे खात्यात भरलेत का, हे तिथे कळतं. ते भरणं थांबलं, तर तो आजारी कंपनीचा पहिला ताप समजा. मूळ मार्कशीट कुणाच्याही ताब्यात देऊ नका. बाँडवर सही करण्याआधी रक्कम वाचा. २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन लाखांचा बाँड वैध ठरवलाय, त्यामुळे ‘बाँड कुठे चालतो!’ या भ्रमात राहू नका.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तुम्ही राजीनामा दिलात, तुम्हाला काढलं किंवा कंपनीच बंद पडली, तरी राहिलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायला हवं, असं ती सांगते. हा हक्क माहीत असू द्या. पण रिकाम्या खात्यातून हक्काचे पैसेही लगेच निघत नाहीत. म्हणून दोन पगार थकले, की तिसऱ्याची वाट बघत बसू नका.

आता परत त्या जेवणाच्या टेबलावर जाऊया. बाबा विचारतील, ‘बुडाली तर?’ यावेळी ‘तुम्हाला नाही कळणार’ म्हणू नका. कागद काढा. त्यावर लिहा: हातात येणार एवढे, खर्च एवढा, सहा महिन्यांत साठतील एवढे, नोकरी गेली तर एवढे महिने निघतील. शेवटचा आकडा चार किंवा त्याहून जास्त असेल, तर पानात भात वाढून घ्या आणि सांगा, ‘बुडाली तर चार महिन्यांत दुसरी शोधेन.’ आकडा एक असेल, तर तोही सांगा. कदाचित बाबाच म्हणतील, ‘तीन महिने आम्ही बघू, जा तू.’ नाहीतर सगळे मिळून ठरवाल, की हे वर्ष नाही, पुढचं.

दोन्हीपैकी काहीही झालं, तरी त्या रात्री जेवण गप्प होणार नाही.