सायनसचं ऑपरेशन करणारा हात कसा तयार होतो?

‘सायनसचं ऑपरेशन करावं लागेल’ असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात लगेच दोन प्रश्न निघतात. खर्च किती येईल? आणि हॉस्पिटलमध्ये किती दिवस राहावं लागेल? एक प्रश्न मात्र बहुतेक वेळा राहूनच जातो. जो हात आपल्या माणसाच्या नाकात दुर्बीण घालणार आहे, तो हात कुठे आणि कसा तयार झाला?

हा प्रश्न मुंबई-पुण्यात जितका महत्त्वाचा, तितकाच जबलपूरमध्येही. नर्मदेकाठच्या या शहरात मराठी कुटुंबं पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत. १९५५मध्ये इथे मेडिकल कॉलेज सुरू झालं. आज ते नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेज म्हणून ओळखलं जातं. मंडला, सिवनी, नरसिंहपूर, बालाघाट अशा आसपासच्या जिल्ह्यांतले रुग्ण उपचारासाठी जबलपूर गाठतात. अशा शहरातल्या रुग्णालाही जगात कुठेही मिळेल तसाच कुशल हात मिळायला हवा. त्यासाठीच नाक-सायनसचे सर्जन पदवी मिळाल्यावरही शिकत राहतात, देशाच्या सीमा ओलांडून एकमेकांकडे जातात. या पुढच्या शिक्षणाला म्हणतात फेलोशिप.

नाकात एवढं अवघड काय आहे?

सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांमधल्या हवेच्या पोकळ्या. गालामागे, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या अगदी मागे, अशा त्यांच्या चार जोड्या असतात. यातल्या प्रत्येक पोकळीचं दार नाकात उघडतं. सर्दी, अॅलर्जी, बुरशी किंवा कोंब (पॉलिप) यामुळे हे दार बंद झालं की आत स्राव साचतो आणि दुखणं सुरू होतं.

खरी अडचण शेजाऱ्यांची आहे. डोळा आणि सायनस यांच्यामध्ये कागदासारखा पातळ हाडाचा पडदा असतो. वर मेंदू असतो आणि तिथलं हाड काही ठिकाणी अर्ध्या मिलीमीटरहूनही पातळ असतं. सर्वांत मागच्या सायनसला लागून दृष्टीची नस आणि मेंदूला रक्त पुरवणारी मोठी धमनी जाते. काही माणसांमध्ये त्या धमनीवर हाडाचं आवरण जन्मतःच अपुरं असतं. सर्जन साधारण चार मिलीमीटर जाडीची दुर्बीण आत घालतो आणि पडद्यावर बघत काम करतो. थोडं रक्त आलं तरी चित्र धूसर होतं. दोन माणसांच्या नाकाची आतली रचना कधीच तंतोतंत सारखी नसते. म्हणून सीटी स्कॅन वाचणं हा या ऑपरेशनचा अर्धा अभ्यास असतो.

हे सगळं पुस्तकात छापलेलं असतंच. पण हाड किती दाबलं तर तुटेल आणि कुठे हात थांबवायचा, हे हातालाच कळावं लागतं.

फेलोशिप म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे एमबीबीएस आणि इंटर्नशिप मिळून साडेपाच वर्षं जातात. त्यानंतर कान-नाक-घशाची एमएस पदवी तीन वर्षांची. या तीन वर्षांत कान, नाक, घसा, मान असं सगळंच शिकायचं असतं. ज्याला फक्त नाक आणि सायनसवर प्रभुत्व मिळवायचं आहे, तो त्यापुढे एखाद्या अनुभवी सर्जनकडे काही आठवडे ते वर्षभर राहतो. आपल्याकडची काही विद्यापीठंही डॉक्टरांसाठी असे फेलोशिप अभ्यासक्रम चालवतात. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ हे त्यातलं एक.

तिथे साध्या सायनसच्या पुढची ऑपरेशनं शिकवली जातात. पुन्हा पुन्हा वाढणारे कोंब काढणं, कपाळातल्या सायनसचा अरुंद रस्ता मोकळा करणं, मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळत असेल तर ती गळती बुजवणं, बंद झालेली अश्रुनलिका नाकातून उघडणं आणि न्यूरोसर्जनच्या जोडीनं पिट्युटरी ग्रंथीची गाठ काढणं, ही त्यातली काही.

परदेशी डॉक्टरांच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवा. नुसतं उभं राहून बघणं वेगळं आणि रुग्णाला हात लावणं वेगळं. भारतात येऊन प्रत्यक्ष उपचारात भाग घ्यायचा असेल, तर परदेशी डॉक्टरला ठरावीक मुदतीची तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते. नोंदणी नसलेला पाहुणा डॉक्टर फक्त पाहू शकतो.

पुण्याचं नाक, लंडनचा विद्यार्थी

परदेशी सर्जननं नाकाचं ऑपरेशन भारताकडून शिकणं ही गोष्ट नवीन नाही. तिचा एक ठळक धागा आपल्या पुण्यात सापडतो.

कावसजी नावाचा गाडीवान इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकायचा. १७९२च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभरानं पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या समाजातल्या एका कारागिरानं त्याला नवं नाक बसवून दिलं. त्यानं आधी मेणाचा पातळ साचा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं. मग तो साचा कपाळावर सपाट पसरून त्याभोवती रेघ आखली. तेवढी कातडी सोडवली, पण भुवयांच्या मधली पट्टी तशीच ठेवली, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहील. मग कातडी वळवून खाली आणली आणि नाकाच्या जागी बसवली. जखम चिकटवायला त्यानं कापडाच्या पट्ट्यांवर भिजवलेला कात वापरला.

मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे ऑपरेशन पाहिलं. १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह त्याची हकिगत छापून आली. ती जोसेफ कार्प्यू या सर्जनच्या मनात घर करून राहिली. त्यानं मृतदेहांवर सराव केला आणि योग्य रुग्णाची वाट पाहिली. अखेर १८१४मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी, त्यानं लंडनमध्ये हे ऑपरेशन यशस्वी केलं. कपाळाच्या कातडीनं नाक घडवण्याच्या या पद्धतीला आजही जगभर ‘भारतीय पद्धत’ म्हणतात.

मात्र पुण्याच्या त्या कारागिराचं नाव कुणीच लिहून ठेवलं नाही. आज फेलोशिपमध्ये गुरूचं नाव, शिकलेल्या केसेसची नोंद, प्रमाणपत्र या गोष्टींना एवढं महत्त्व का असतं, हे यावरून लक्षात येईल. कुणाकडून काय शिकलं याची नोंद राहिली, तरच ते तपासता येतं.

मग आपण शिकायला गेलो

नाकाच्या आतलं ऑपरेशन मात्र उलट दिशेनं आपल्याकडे आलं. पूर्वी गालाच्या सायनससाठी वरच्या हिरडीच्या वर छेद घेऊन हाड उघडत असत. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात डॉ. वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीतून नाकाचा बारकाईनं अभ्यास केला. सायनसमधला स्राव ठरलेल्या वाटेनं त्याच्या नैसर्गिक दाराकडेच वाहतो, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे भिंतीला नवं भोक पाडण्यापेक्षा मूळ दार मोकळं करणं जास्त शहाणपणाचं. त्यांचे शिष्य डॉ. हाइन्झ स्टामबर्गर आणि अमेरिकेतले डॉ. डेव्हिड केनेडी यांनी हे तंत्र जगभर शिकवलं. १९८५मध्ये केनेडी यांनी त्याला जे नाव दिलं, त्याचंच लघुरूप म्हणजे तुमच्या डॉक्टरांच्या तोंडी असलेलं ‘फेस’.

२००६मध्ये अर्जेंटिनाच्या रोझारिओ शहरातल्या हदाद आणि बासागास्तेगी या दोन डॉक्टरांच्या नावाची नवी पद्धत जगासमोर आली. नाकाच्या मधल्या पडद्याचं आवरण वापरून मेंदूकडचं मोठं भोकही बुजवता येतं, हे तिनं दाखवलं. थोडक्यात, ज्ञान कुठल्याही गावातून येऊ शकतं, पण ते दुसऱ्या गावाला पोहोचायला शिकणारा माणूस लागतो.

आज सर्जन भारतात का येतात?

पहिलं कारण म्हणजे रुग्णांची संख्या. दुसरं कारण थोडं बोचणारं आहे. आपल्याकडे रुग्ण उशिरा येतो. वर्षानुवर्षं बंद नाक अंगावर काढलेलं असतं. पॉलिप नाकाबाहेर डोकावेपर्यंत किंवा डोळा पुढे येईपर्यंत थांबलेलं असतं. ज्या अवस्थेतले आजार काही देशांत क्वचित दिसतात, ते इथे वारंवार दिसतात.

तिसरं कारण आपण सगळ्यांनी २०२१मध्ये पाहिलं. कोरोनानंतर काळ्या बुरशीची, म्हणजे म्युकरमायकोसिसची लाट आली. जुलैच्या मध्यापर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली होती. मध्य प्रदेश सरकारनं भोपाळ आणि जबलपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत या आजारासाठी वेगळे युनिट सुरू केले. या आजारात औषधासोबत बुरशीनं सडलेला भाग तातडीनं काढावा लागतो, तोही डोळा आणि मेंदू सांभाळून. अनेक रुग्णांना वाचवता आलं नाही, अनेकांना डोळा गमवावा लागला. त्या काही महिन्यांत भारतातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांना जो अनुभव आला, तो कुणालाही हवाहवासा वाटणारा नव्हता. पण तो आता जगाच्या उपयोगी पडू शकतो.

कोहळ्यापासून मेंढीच्या डोक्यापर्यंत

शिकणारा डॉक्टर थेट रुग्णावर हात चालवायला लागत नाही. सुश्रुतसंहितेत शिष्यांच्या सरावासाठी वेगळा अध्यायच आहे. कापण्याचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड, काकडीवर करावा असं त्यात सांगितलं आहे. आजचा विद्यार्थी मेंढीच्या डोक्यावर, थ्रीडी प्रिंटरनं बनवलेल्या नमुन्यावर आणि मग देहदानातून मिळालेल्या मृतदेहावर सराव करतो. तुमच्या ओळखीत कुणी देहदान केलं असेल, तर त्यांचा यात फार मोठा वाटा आहे.

यानंतर तो ऑपरेशन थिएटरमध्ये येतो. आधी फक्त बघतो, मग दुर्बीण धरतो, मग एखादी सोपी पायरी करतो. गुरू शेजारी उभा असतो, पडद्यावर तेच चित्र बघत असतो आणि कुठल्याही क्षणी सूत्रं आपल्या हाती घेऊ शकतो.

‘माझ्यावर शिकणार का?’

ही भीती अगदी रास्त आहे. ती मनात ठेवू नका, विचारा. ऑपरेशन कोण करणार, शिकणारे डॉक्टर असतील तर त्यांचा सहभाग किती, हे जाणून घेणं आणि मगच संमतीपत्रावर सही करणं हा तुमचा हक्क आहे. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. आजचा प्रत्येक निष्णात सर्जन कधीतरी कुणाच्या तरी देखरेखीखाली पहिल्यांदा उभा राहिला होता. प्रश्न शिकण्याचा नसून देखरेखीचा आहे.

ऑपरेशनआधी डॉक्टरांना हे विचारा :

• औषधं, नाकातला स्प्रे आणि मिठाच्या पाण्यानं नाक धुणं हे पुरेसे दिवस करून पाहिलं आहे का?
• माझ्या सीटी स्कॅनमध्ये डोळ्याच्या किंवा मेंदूच्या बाजूला काही धोक्याची जागा दिसते का?
• अशा प्रकारची ऑपरेशनं तुम्ही नियमित करता का? मुख्य सर्जन पूर्ण वेळ थिएटरमध्ये असेल का?
• काही गुंतागुंत झाली तर डोळ्यांचे डॉक्टर किंवा न्यूरोसर्जन उपलब्ध आहेत का?
• ऑपरेशननंतर तपासणी किती वेळा आणि किती महिने करावी लागेल?

घरच्यांनीही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ऑपरेशननं रस्ता मोकळा होतो, पण अॅलर्जी जात नाही. म्हणून नंतरही स्प्रे आणि नाक धुणं चालू ठेवावं लागतं. नाक धुण्यासाठी नळाचं पाणी तसंच वापरू नका, उकळून गार केलेलंच घ्या. एकाच बाजूचं नाक सतत बंद राहून त्यातून रक्त येत असेल तर लगेच दाखवा. मधुमेह असलेल्या माणसाच्या नाकात काळी खपली दिसली, गाल बधिर झाला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

जबलपूरमध्ये असा किंवा पुण्यात, पुढच्या वेळी डॉक्टरांच्या केबिनमध्ये एखादा पाहुणा डॉक्टर वही घेऊन बसलेला दिसला, तर बिचकू नका. तो कोण, कुठून आला, काय शिकतोय, हे सरळ विचारा. तुमच्या केसमधून तो जे शिकेल, ते उद्या त्याच्या गावातल्या एखाद्या रुग्णाचा डोळा वाचवू शकेल.