बुबुळाच्या कडेचे तांबे

ऑक्टोबर छाटणी आटोपली की पिंपळगाव बसवंतच्या शिवारात डावणीची धास्ती सुरू होते. ढगाळले, धुके पडले की फवारणीची धांदल उडते आणि वेलींच्या पानांवर निळसर थर चढतो. तो निळा रंग मोरचुदाचा, म्हणजे तांब्याचा. फ्रान्समधल्या बोर्दो भागात १८८५च्या सुमारास मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण या रोगावर लागू पडले. आपल्याकडे त्याला आजही ‘बोर्डो’च म्हणतात. अशा गावात डोळ्यांचा दवाखाना चालवायचा म्हटल्यावर तांब्याविषयीचे प्रश्न कानावर येणारच.

“डॉक्टरसाहेब, पोराच्या डोळ्यात तांबं साठलंय म्हणता. फवारणीचं तर नाही ना ते?” हा प्रश्न मला एका बागायतदाराने विचारला. मुलगा दहावीतला. वर्षभरात त्याचे अक्षर पार बिघडले होते, बोलणे जड झाले होते, हात थरथरत होता. अभ्यासाचा कंटाळा म्हणून शाळेत बोलणी खाऊन झाली, बाहेरची बाधा म्हणून उतारेही झाले. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी माझ्याकडे चिठ्ठी पाठवली. तीत एकच ओळ होती : केएफ रिंग आहे का, पाहावे.

ती होती. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या अगदी कडेला सोनेरी-पिंगट, किंचित हिरवट झाक असलेले कडे. कायझर आणि फ्लायशर या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १९०२ आणि १९०३ साली तिचे वर्णन केले, म्हणून केएफ. आजाराला मात्र नाव मिळाले ते १९१२ साली त्याची सविस्तर मांडणी करणाऱ्या लंडनच्या डॉ. विल्सन यांचे.

फवारणीचा या आजाराशी संबंध नाही. आपल्या रोजच्या जेवणातूनच थोडे तांबे पोटात जाते. शरीराला ते लागतेही. उरलेले यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. हे काम ज्या जनुकाच्या हुकमाने चालते, ते १९९३ साली सापडले. आई आणि वडील, दोघांकडूनही त्याची बिघडलेली प्रत आली, तर तांबे बाहेर पडत नाही. आधी यकृतात, मग मेंदूत आणि डोळ्यात साठत जाते. आईवडील स्वतः ठणठणीत असतात, कारण त्यांच्याकडे एक प्रत चांगली असते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल ज्या घरांत आहे, तिथे दोन बिघडलेल्या प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. यात कुणाचा दोष काढण्यात अर्थ नाही, पण वैद्याला हे नाते सांगावे.

आता खरा मुद्दा. ही रिंग किती जणांत दिसते? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने तीन दशकांतल्या २८२ रुग्णांची माहिती २००७ साली प्रसिद्ध केली. मेंदूची लक्षणे असलेल्या सर्व रुग्णांत रिंग होती. यकृताचा त्रास असलेल्यांत ती ८६ टक्के, आणि अजून कसलाच त्रास नसलेल्यांत ५९ टक्के. पाश्चात्त्य देशांतले आकडे याहून कमी आहेत : यकृताच्या रुग्णांत साधारण निम्म्यांनाच रिंग असते, लहान मुलांत त्याहूनही कमी. म्हणजे हात थरथरणाऱ्या रुग्णाच्या डोळ्यात रिंग नसेल, तर डॉक्टरांनी दुसऱ्या आजाराचा विचार करावा. पण कावीळ पुन्हा पुन्हा होणाऱ्या मुलाचे डोळे स्वच्छ आहेत म्हणून विल्सन नाही, असे म्हणता येत नाही. ‘डोळे साफ आहेत’ हे माझ्या तोंडचे वाक्य पालक फार आनंदाने घरी नेतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

आणखी एक अडचण. रिंगमुळे नजर कमी होत नाही, डोळा दुखत नाही. तिच्यासाठी आपणहून कुणी डोळे दाखवायला येत नाही. शिवाय आपली बुबुळे काळीभोर. त्या पार्श्वभूमीवर पिंगट कडे नुसत्या डोळ्यांनी सहसा दिसत नाही, स्लिट लॅम्पखालीच पाहावे लागते. ती आधी वरच्या कडेला उमटते, मग खालच्या, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी जुळते. पापणी उचलून वर पाहिले नाही, तर सुरुवातीची रिंग निसटते. याच आजारात भिंगावर सूर्यफुलासारखा मोतीबिंदूही होतो, पण तो थोड्याच जणांत.

तांब्याचा विषय निघाला की जुनी माणसे पितळेच्या पातेल्यांची आठवण काढतात. ती अगदीच गैरलागू नाही. एके काळी आपल्याकडे वर्षा-दोन वर्षांची बाळे यकृत कडक होऊन दगावत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले, की तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेले, साठवलेले दूध बाळाला लवकर सुरू करणे, हे त्यामागचे कारण असावे. स्टीलची भांडी आली आणि तो आजार जवळपास नाहीसा झाला. विल्सनचा मात्र भांडी बदलून जात नाही, कारण बिघाड भांड्यात नसून यकृतात आहे.

औषध आहे. डॉ. वॉल्श यांनी १९५६ साली पेनिसिलामाइन हे तोंडाने घेण्याचे पहिले औषध दिले. पुढे ट्रायेंटिन आणि जस्ताच्या गोळ्या आल्या. ती जन्मभर घ्यावी लागतात. बरे वाटते म्हणून बंद केली, तर यकृत अचानक निकामी होऊ शकते. नेमाने घेतली, तर काही वर्षांत रिंग पुसट होत जाते.

त्या मुलाला नऊ वर्षांची बहीण होती. आई म्हणाली, “ती तर खेळतीये, हसतीये. तिला कशाला सुई टोचायची?” सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते, आणि लक्षणांआधी औषध सुरू झाले तर ती सहसा येतच नाहीत. मी तिचे डोळे पाहिले. स्वच्छ होते. तरीही रक्तातल्या सेरुलोप्लाझ्मिनची आणि चोवीस तासांच्या लघवीतल्या तांब्याची तपासणी लिहून दिली. लघवी जमवायची बाटली प्रयोगशाळेतूनच न्या, असेही बजावले. घरातला तांब्या त्या कामाला चालत नाही.