आकडा घसरला की नियम बदलला?

समजा, तुम्ही अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलवर संशोधन करताय. 2019 नंतर व्यावसायिक संघांनी निवडलेले कॉलेज खेळाडू एकदम कमी झालेले दिसतील. लगेच ‘कॉलेजांचा दर्जा घसरला’ असं लिहून मोकळे होऊ नका! मेजर लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, 2012 ते 2019 दरम्यान 40 फेऱ्या होत्या. 2020 मध्ये कोरोनामुळे 5च झाल्या, 2021 पासून 20. शिवाय 2021 मध्येच संलग्न मायनर लीग संघ 160 वरून 120 वर आले. जागाच घटल्या, तर निवड घटणारच ना? म्हणून आधी पहिल्या 5 फेऱ्यांचीच तुलना करा. त्या दरवर्षी होत्या. तिथेही कॉलेज खेळाडूंचा वाटा घटला असेल, तरच दर्जाचा प्रश्न उभा राहतो.